‘क्षमता’ ह्या पदाचा अर्थनिर्णय : उत्पादन-नियोजनाच्या संगणकप्रणालीतील कार्यकेंद्राच्या नोंदीसंबंधी काही विचार

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्राच्या संशोधनपत्रिकेत लेथ, भट्टी आणि पाळ्या ह्यांची चर्चा आलेली पाहून काही वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. म्हणून ह्या लेखाचे निमित्त प्रथम सांगणे युक्त होईल. आपल्या विभागाचा एक माजी विद्यार्थी एका औद्योगिक वसाहतीत यंत्रभाग तयार करणाऱ्या कारखान्याच्या नियोजन कार्यालयात काम करतो. तेथे उत्पादनाचे वेळापत्रक आखणारी संगणकप्रणाली नव्याने बसविण्यात आली, आणि तिच्यातील शब्दांची मराठी यादी करून ती फोरमन मंडळींस देण्याचे काम त्याजकडे आले. ‘कॅपॅसिटी’ ह्या शब्दासमोर त्याने ‘क्षमता’ असे लिहिले. कोशाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. परंतु यादी तीन खात्यांत गेली आणि तीन प्रकारची उत्तरे परत आली. लेथखात्याच्या फोरमनने यंत्रांची संख्या भरली, ड्रिलखात्याने दिवसाचे तास भरले आणि भट्टीखात्याने एका पाळीत निघणारे नग भरले. प्रणालीने तिन्ही आकडे निमूटपणे स्वीकारले. त्यांवरून जे वेळापत्रक निघाले त्याच्या आधारे गिऱ्हाइकास तारीख कळविण्यात आली, आणि ती तारीख राखण्यासाठी भट्टीखात्यातील माणसांना ओळीने तीन सुट्ट्यांच्या दिवशी कामावर यावे लागले. “सर, ह्यात चूक नेमकी कोणाची?” असे त्या विद्यार्थ्याने विचारले.

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. ह्या चुकीचे मूळ एका पदाच्या अनेकार्थतेत आहे व म्हणून तिचे निदान करणे हे भाषाभ्यासकाचेही काम आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

२. कार्यकेंद्र आणि त्याची नोंद

ज्या ठिकाणी उत्पादनातील एखादी क्रिया घडते ते ठिकाण म्हणजे कार्यकेंद्र. ते एक यंत्र असेल, एकाच जातीच्या यंत्रांचा समूह असेल, किंवा केवळ जुळणी करणाऱ्या माणसांचे टेबल असेल. वस्तू तयार होण्यासाठी कोणकोणत्या क्रिया, कोणत्या क्रमाने, कोणकोणत्या कार्यकेंद्रांवर व्हावयाच्या हे एकदा नोंदवून ठेवले म्हणजे प्रणाली प्रत्येक मागणीसाठी त्या क्रियांना दिवस व तास नेमून देते.

ह्या नोंदीत क्षमतेचा प्रश्न कसा आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जोसेफ ऑर्लिकी ह्यांनी १९६४ च्या सुमारास ज्या पद्धतीचा पाया घातला व जिचे सविस्तर विवेचन त्यांनी १९७५ च्या ग्रंथात केले, ती सामग्री-गरज-नियोजनाची पद्धती. अंतिम वस्तूची मागणी घ्यावी, तिचे घटकांत पृथक्करण करावे, प्रत्येक घटकास लागणारा ठरीव काळ वजा करीत मागे मागे जावे, आणि काय, किती व केव्हा लागेल हे काढावे, असा तिचा क्रम आहे. ह्या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. घटक दहा असोत वा हजार, त्यांस लागणारा काळ तोच. म्हणजे कार्यकेंद्राची क्षमता अमर्याद. प्रत्यक्षात यंत्रापुढे कामांची रांग लागते आणि ठरीव काळ ठरीव राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील प्रणालींत कार्यकेंद्राच्या नोंदीत क्षमतेची रकाने घालण्यात आली. आपल्या विवेचनाचा विषय हीच रकाने होत.

३. एक पद, तीन अर्थ

आज प्रचारात असलेल्या तीन प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. तिन्हींत ‘कॅपॅसिटी’ हे पद आहे. मात्र तिन्हींत त्याचा अर्थ निराळा आहे.

पहिली जर्मनीतील सॅप. हिच्यात उपलब्ध क्षमता ही वेळेची राशी आहे. पाळी केव्हा सुरू होते, केव्हा संपते, मधली सुट्टी किती, वेळेचा शेकडा किती भाग खरोखर कामी येतो आणि एकजातीय यंत्रे किती, अशी पाच उत्तरे द्यावयाची असतात. समजा, पाळी सकाळी ६ ते दुपारी २, सुट्टी अर्धा तास, उपयोगाचे प्रमाण ८० टक्के व लेथ ४. तर ८ तासांतून अर्धा तास वजा जाऊन ७.५ तास राहतात. त्यांचे ८० टक्के म्हणजे ६ तास, व त्यांस ४ ने गुणले असता २४ तास येतात. एका पाळीस ह्या कार्यकेंद्रावर २४ तासांचे काम ठेवता येईल, असा ह्याचा अर्थ. ‘एका पाळीत चोवीस तास’ हे ऐकावयास विपरीत वाटते, परंतु ते यंत्र-तास आहेत हे ध्यानात घेतले म्हणजे विरोध उरत नाही.

दुसरी बेल्जममधील ओडू. येथे क्षमता म्हणजे एकाच वेळी, एकाच फेरीत, कार्यकेंद्रात मावणारे नग. स्वयंपाकघरात आपण ज्याला एक घाणा म्हणतो तशीच ही फेरी समजावी. वस्तुपरत्वे फेरीत मावणारे नग वेगळे असतील तर तेही वेगळे नोंदता येतात. एकूण नगांना क्षमतेने भागून फेऱ्या काढतात व अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक धरतात. फेरीच्या काळास फेऱ्यांनी गुणून, तो गुणाकार वेळेच्या कार्यक्षमतेच्या टक्केवारीने वाढवून किंवा घटवून, त्यात पूर्वतयारीचा व साफसफाईचा वेळ मिळवतात. एका भट्टीत ५ नग मावतात, एका फेरीस ४० मिनिटे लागतात, कार्यक्षमता ८० टक्के, पूर्वतयारी २० मिनिटे व साफसफाई १० मिनिटे असे समजू. ६० नगांसाठी १२ फेऱ्या होतील. १२ × ४० म्हणजे ४८० मिनिटे, ८० टक्क्यांच्या हिशेबाने ६०० मिनिटे, अधिक ३०, म्हणजे एकूण ६३० मिनिटे, अर्थात साडेदहा तास.

आता भट्टीखात्याच्या फोरमनप्रमाणे कोणी विचार केला असे धरू. आठ तासांच्या पाळीत ४० मिनिटांच्या १२ फेऱ्या, फेरीस ५ नग, म्हणून ‘क्षमता ६०’. व्यवहारातील भाषेत हे उत्तर अगदी योग्य आहे. पण ह्या रकान्यात ६० लिहिताच प्रणाली समजते की साठही नग एकाच फेरीत मावतात. मग फेरी एक, ४० मिनिटे, ८० टक्क्यांनी ५० मिनिटे, अधिक ३०, एकूण ८० मिनिटे. साडेदहा तासांचे काम एक तास वीस मिनिटांत बसविले जाते आणि उरलेल्या ‘मोकळ्या’ वेळात प्रणाली दुसरी कामे भरीत जाते. गिऱ्हाइकास चुकीची तारीख जाण्यास एवढा एक आकडा पुरेसा आहे.

तिसरी मुंबईत जन्मलेली मुक्तस्रोत प्रणाली ईआरपीनेक्स्ट. हिच्यात क्षमता म्हणजे त्या कार्यस्थानावर एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांची संख्या. तास वेगळे नोंदावयाचे, सुट्ट्यांची यादी वेगळी जोडावयाची. तीन ड्रिल यंत्रांच्या खात्यात क्षमतेचा आकडा १ राहून गेला, तर वेळापत्रकात दोन यंत्रे कायमची रिकामी राहतात आणि कामे एकामागोमाग एक लावली जातात. किती दिवस पुढेपर्यंत जागा शोधावयाची ह्याची मर्यादा मूळ मांडणीत ३० दिवसांची असते. तेवढ्यात जागा सापडली नाही तर प्रणाली तसे कळविते आणि दिवसांची मर्यादा वाढवावी असे सुचविते. सूचनेप्रमाणे मर्यादा ६० दिवसांवर नेली की संदेश नाहीसा होतो. दोष मात्र जागच्या जागी राहतो, कारण उणीव दिवसांची नव्हती, नोंदीतील दोन यंत्रांची होती. प्रणाली आपल्या परीने खरे बोलते, पण कारण तिला माहीत नसते. म्हणून तिची सूचना पाळण्यापूर्वी मूळ नोंद पाहणे अगत्याचे आहे.

तेव्हा एका प्रणालीत क्षमता तासांत मोजतात, दुसरीत नगांत, तिसरीत कामांच्या संख्येत. ह्यात मराठीची स्वतःची अडचण आणखी भर घालते. ‘एफिशिअन्सी’साठी आपण ‘कार्यक्षमता’ म्हणतो, आणि बोलताना तिचेही ‘क्षमता’ असे संक्षिप्त रूप करतो. शिवाय चॉम्स्की ह्यांच्या १९६५ च्या ग्रंथानंतर भाषाशास्त्रात रूढ झालेल्या ‘कॉम्पिटन्स’ ह्या संज्ञेसही आपण ‘भाषिक क्षमता’ म्हणतो. आपल्याच वर्गात ज्या शब्दावर इतके ओझे आहे तो कारखान्यात नेताना अधिक सावध असावयास हवे होते.

४. आकांक्षा आणि योग्यता

अशी चुकीची नोंद प्रणाली का स्वीकारते? ह्याचे उत्तर आपल्या शास्त्रपरंपरेतील शाब्दबोधाच्या विचारात सापडते. वाक्यापासून अर्थबोध होण्यासाठी आकांक्षा, योग्यता व संनिधी ही आवश्यक मानली आहेत. पदांना एकमेकांची अपेक्षा असावी, ती जवळजवळ उच्चारलेली असावीत आणि त्यांच्या अर्थांचा परस्परसंबंध बाधित होणारा नसावा. अग्नीने शिंपण्याचे सुप्रसिद्ध उदाहरण नैयायिक ह्या तिसऱ्या गोष्टीसाठी देतात. व्याकरणदृष्ट्या त्या वाक्यात काही उणे नाही. कर्ता, क्रिया व करण ह्यांची आकांक्षा पुरी झालेली आहे. तथापि शिंपणे ही क्रिया अग्नीने होण्याजोगी नसल्यामुळे वाक्य योग्यतेअभावी निष्फळ ठरते.

कार्यकेंद्राची नोंद हे एक प्रकारचे वाक्य आहे. प्रत्येक रकाना दुसऱ्या रकान्याची अपेक्षा ठेवतो. प्रणाली तपासते ती केवळ आकांक्षा, म्हणजे रकाना भरला आहे ना, आकडा आहे ना, सुरू होण्याची वेळ संपण्याच्या वेळेपूर्वीची आहे ना. योग्यता ती तपासू शकत नाही, कारण भट्टी तिने पाहिलेली नसते. पाच नग मावणाऱ्या भट्टीत साठ नग हे ह्या व्यवहारातील अग्नीने शिंपणेच होय. म्हणून योग्यतेची जबाबदारी नोंद भरणाऱ्यावर, आणि त्याआधी रकान्यास नाव देणाऱ्यावर येते.

योग्यतेचा दुसरा भंग अधिक सूक्ष्म असतो, आणि तो म्हणजे एकच तूट दोनदा मोजणे. यंत्र बिघडणे, माणूस गैरहजर असणे, टूल बदलणे ह्यांपायी वेळेचा पाचवा हिस्सा जातो असे अनुभवास आले, म्हणून एकाने उपलब्ध वेळेचे प्रमाण ८० टक्के धरले. दुसऱ्याने तोच अनुभव ध्यानी घेऊन कामाच्या वेगातही ८० टक्के धरले. आता ०.८ × ०.८ म्हणजे ०.६४. शंभर तासांतून वीस जावयाचे तेथे छत्तीस जातात आणि कारखाना आपले काम विनाकारण नाकारू लागतो. ज्या प्रमाण-वेळेत ही तूट आधीच धरलेली आहे तिच्यावर पुन्हा टक्केवारी लावली तरी हाच दोष घडतो. प्रत्येक तुटीस एकच घर नेमून द्यावे, हा ह्यावरील सोपा नियम होय.

ह्याच संदर्भात एकूण उपकरण परिणामकारकतेच्या आकड्याविषयी सांगितले पाहिजे. सेइची नाकाजिमा ह्यांच्या विवेचनामुळे प्रसिद्ध झालेला हा आकडा यंत्राची उपलब्धता, वेग व निर्दोष नगांचे प्रमाण ह्यांचा गुणाकार असतो. अनुक्रमे ९०, ९५ व ९९ टक्के धरल्यास तो सुमारे ८५ येतो. ओडूमध्ये ह्याचे लक्ष्य नोंदण्यासाठी कार्यकेंद्राच्या नोंदीतच रकाना आहे. पण ते लक्ष्य कामाचा काळ काढताना हिशेबात घेतले जात नाही. ते केवळ घडून गेलेल्या गोष्टीचे मोजमाप ताडून पाहण्यासाठी आहे. लक्ष्य व वस्तुस्थिती ही एकाच पानावर शेजारी शेजारी असली म्हणजे त्यांची गल्लत करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

५. मावणे, सोसणे आणि झेपणे

आता मूळ शब्दाकडे वळू. इंग्रजी पद ज्या लॅटिन धातूपासून आले त्याचा अर्थ ‘धरणे, सामावून घेणे’ असा आहे. आपले ‘क्षमता’ हे पद संस्कृत ‘क्षम्’ धातूपासून आले, व त्याचा अर्थ ‘सहन करणे’ असा आहे. ‘क्षमा’ हे त्याचेच भावंड. एका पदाच्या मुळाशी मावणे आहे, दुसऱ्याच्या मुळाशी सोसणे. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही हे भाषेच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तरीही ह्या दोन कल्पनांतील अंतर कार्यकेंद्राच्या बाबतीत वास्तव आहे, आणि ते अंकांत दाखविता येते.

कामे अनियमितपणे येत आहेत, प्रत्येकास लागणारा वेळ कमीजास्त होतो आणि यंत्र एक आहे, अशी स्थिती कल्पा. रांगांच्या गणितातील अगदी प्राथमिक प्रतिमानानुसार, यंत्र वेळेच्या ८० टक्के भागात गुंतलेले असेल तर तेथे सरासरीने ४ कामे अडकलेली असतात. ९० टक्के गुंतले तर ९, आणि ९५ टक्के गुंतले तर १९. ऐंशीवरून पंचाण्णववर जाताना काम वाढले ते पंचमांशाहूनही कमी, पण खोळंबा जवळजवळ पाचपट झाला. जॉन लिटल ह्यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने ह्याचे दिवसांत रूपांतर करता येते. अडकलेली कामे भागिले रोज बाहेर पडणारी कामे म्हणजे प्रत्येक कामाचा सरासरी मुक्काम. रोज ५ कामे बाहेर पडत असून २० अडकलेली असतील तर मुक्काम ४ दिवसांचा. म्हणजे शंभर टक्के वेळ भरणे हे कागदावर मावते, पण कार्यकेंद्रास सोसत नाही.

मराठीत ह्या भेदासाठी एक अतिशय नेमके क्रियापद आहे, ते म्हणजे ‘झेपणे’. ‘एवढे झेपेल का?’ असे फोरमन विचारतो तेव्हा त्याला केवळ जागा विचारावयाची नसते. यंत्र, माणूस, वेळ व अडीअडचण ह्या सर्वांचा मेळ त्या एका शब्दात असतो. रकान्यात भरावयाचा आकडा मावेल तो नव्हे, झेपेल तो असावा.

ह्या संदर्भात ईआरपीनेक्स्टमधील दोन छोट्या चौकटींचा उल्लेख करणे अवश्य आहे. कामाच्या तासांबाहेर काम लावण्याची मुभा एक चौकट देते, आणि सुट्टीच्या दिवशी उत्पादन करण्याची दुसरी. दोहोंवर खूण केली की कालपर्यंत न बसणारे वेळापत्रक आज सहज बसते. पण ती खूण म्हणजे यंत्राविषयीचे विधान नव्हे. ते दुसऱ्या कोणाच्या संध्याकाळीविषयीचे व सुट्टीविषयीचे विधान आहे, आणि बहुधा त्या माणसास न विचारता केलेले आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली व जादा कामास दुप्पट दराने वेतन ठरविले, त्यामागील विचार हाच होता की माणसाच्या बाबतीत क्षमता केवळ अंकगणिताने ठरू नये. कायद्याची कलमे काळानुसार बदलतात. विचार जुना होत नाही.

६. नोंद करण्याचा क्रम

वरील विवेचनावरून व्यवहारासाठी एक क्रम सुचविता येतो.

प्रथम दिनदर्शिका भरावी. पाळ्या, मधल्या सुट्ट्या, साप्ताहिक सुट्टी व सण आधी नोंदवावेत. औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असे गृहीत धरू नये. दुसऱ्याने, यंत्रांची संख्या व एका फेरीत मावणारे नग ह्या दोन गोष्टी वेगळ्या विचाराव्यात आणि प्रणालीतील कोणता रकाना कशासाठी आहे हे तिच्या मार्गदर्शिकेत पाहून ठरवावे. दोन यंत्रांवर एकच माणूस असेल तर यंत्रे दोन असली तरी एका वेळी चालणारे काम बहुधा एकच असते, हे विसरू नये. तिसऱ्याने, पूर्वतयारीचा वेळ कामाच्या वेळेपासून वेगळा काढावा. तो नगांबरोबर वाढत नाही, फक्त मागणीगणिक एकदा लागतो. चौथ्याने, प्रत्येक तूट एकाच रकान्यात घालावी. शेवटी, मागील चार आठवड्यांत प्रत्यक्ष झालेले काम घेऊन तेच काम प्रणालीने किती तासांत दाखविले असते ते काढावे. दोहोंत मोठे अंतर पडले तर कामगारांस दोष देण्यापूर्वी नोंद तपासावी. ही तपासणी फोरमनशेजारी बसून करावी, कारण योग्यतेचा निवाडा करणारा तो एकटाच असतो.

७. समारोप

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. चूक फोरमनांची नव्हती. तिघांनीही आपापल्या परीने ‘क्षमता’ ह्या शब्दाचा खरा अर्थ सांगितला होता. चूक अशी की, ज्या ठिकाणी तीन प्रश्न विचारावयास हवे होते तेथे आपण एक शब्द ठेवला. मूळ भाषेतही पद अनेकार्थीच आहे, परंतु भाषांतर करणाऱ्याने मूळ भाषेतील संदिग्धता जशीच्या तशी आणण्याचे बंधन स्वतःवर घालून घेऊ नये. कोशात पर्यायी शब्द मिळतो, रकान्याचा अर्थ मिळत नाही. तो प्रणाली त्या आकड्याचे पुढे काय करते हे पाहूनच ठरवावा लागतो.

म्हणून आमची सूचना अशी की, कारखान्यासाठी शब्दयादी करताना ‘क्षमता’ हे पद शीर्षकापुरते ठेवावे आणि रकान्यांना ‘उपलब्ध यंत्र-तास’, ‘एका फेरीत मावणारे नग’ व ‘एका वेळी चालणारी कामे’ अशी वर्णनात्मक नावे द्यावीत. नावे लांब आहेत हे खरे. परंतु लांब नाव वाचण्यास जो क्षण अधिक लागतो तो, भट्टीखात्यातील माणसांच्या तीन सुट्ट्यांच्या मानाने, काहीच नव्हे. अन्य उद्योगांतील अशा पदांचा संग्रह आमच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा व अधिक चांगले पर्याय कोणास सुचल्यास ते ह्या पत्रिकेकडे अवश्य पाठवावेत, अशी विनंती करून हे विवेचन येथेच पुरे करतो.